लिचेसची ‘स्टडी’: नोना गाप्रिंदाश्विलींची कारकीर्द ६४ प्रकरणांत बसवताना

बुद्धिबळाच्या लिचेस या संकेतस्थळावर ‘स्टडी’ नावाचा विभाग आहे. त्यात एकेक डाव वेगळ्या प्रकरणात मांडून त्यावर टिपा लिहिता येतात. वर्गणी नाही, जाहिराती नाहीत, सगळा कारभार देणग्यांवर चालतो. बहुतेक जण तो ओपनिंगच्या चाली साठवायला वापरतात. त्याचा खरा कस लागतो तो एखाद्या खेळाडूची आख्खी कारकीर्द त्यात मांडायला घेतली की. हे परीक्षण त्याच कामापुरतं आहे आणि त्यासाठी निवडलेली खेळाडू आहे जॉर्जियाची नोना गाप्रिंदाश्विली. १९७८ साली ग्रँडमास्टर किताब मिळवणारी ती जगातली पहिली स्त्री.

निकाल आधीच सांगून टाकतो. डाव मांडायला, त्यावर टिपा लिहायला आणि दुसऱ्याला शिकवायला ‘स्टडी’ अव्वल आहे. डाव शोधायला मात्र ती जवळपास निरुपयोगी आहे. हे दोन वेगळे धंदे आहेत हे लक्षात न घेता सुरुवात केली, तर दहाव्या प्रकरणाच्या आसपास माणूस वैतागून सोडून देतो.

गाप्रिंदाश्विलीच का, हे थोडक्यात. जन्म ३ मे १९४१, पश्चिम जॉर्जियातल्या झुग्दिदी गावी. लहान वयात तिबिलिसीला वाख्तांग कारसेलाद्झे यांच्या हाताखाली तयार झाल्या. १९६१ मध्ये युगोस्लाव्हियातल्या व्रन्याच्का बान्या इथली आव्हानवीरांची स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी मॉस्कोत एलिझावेता बिकोवांना ९–२ असं हरवून जगज्जेतेपद घेतलं. ११ डावांत ७ विजय, ४ बरोबरी आणि एकही हार नाही. नंतर १९६५, १९६९ आणि १९७२ साली आल्ला कुश्निर, १९७५ साली नाना अलेक्झांड्रिया, अशी चार आव्हानं परतवली. १९७८ मध्ये पित्सुंदाला १७ वर्षांच्या माया चिबुर्दानिद्झेनं ८.५–६.५ असं हरवलं. म्हणजे सोळा वर्षं सिंहासन. त्यात पुरुषांच्या स्पर्धा वेगळ्या, देशांच्या संघांची ऑलिंपियाड वेगळी, आणि साठी-सत्तरी ओलांडल्यावर ज्येष्ठांच्या गटात पुन्हा जिंकलेली विश्वविजेतेपदं आणखी वेगळी.

इतका लांब पल्ला आणि इतक्या तऱ्हेच्या स्पर्धा असल्यानं साधनाचे सगळे सांधे तपासून होतात. शिवाय या कारकिर्दीवर एक अन्यायही झालाय. २०२० साली गाजलेल्या एका वेबमालिकेत समालोचकाच्या तोंडी असं वाक्य होतं की गाप्रिंदाश्विली महिलांची जगज्जेती आहे, पण पुरुषांशी कधी खेळलेली नाही. कथेतला काळ १९६८ चा. प्रत्यक्षात तोवर त्या किमान ५९ पुरुषांशी खेळलेल्या होत्या, असं त्यांनी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या न्यायालयात दाखल केलेल्या दाव्यात नमूद आहे. ५० लाख डॉलरचा तो दावा २०२२ मध्ये तडजोडीनं मिटला. स्टडी नीट बांधली, तर त्या वाक्याचं उत्तर कुणालाही डावागणिक पटावर बघता येतं.

आता प्रत्यक्ष काम. नवी स्टडी उघडताना पहिल्याच खिडकीत पाच-सहा सेटिंग येतात आणि बहुतेक जण ती न वाचता पुढे जातात. दोन महत्त्वाची आहेत. पहिलं दृश्यमानतेचं. काम अर्धवट असेपर्यंत स्टडी ‘अनलिस्टेड’ ठेवा, म्हणजे दुवा असलेल्यालाच दिसेल. सार्वजनिक ठेवली तर अर्धेकच्चे डाव आणि चुकीच्या तारखा लोक क्लोन करून घेऊन जातात आणि पुढे तुम्ही केलेली दुरुस्ती त्या प्रतींत कधीच पोहोचत नाही. दुसरं, ‘कॉम्प्युटर अ‍ॅनालिसिस’, म्हणजे संगणकानं आकड्यांत केलेलं स्थितीचं मूल्यमापन, कुणाला दिसावं हे. ते ‘फक्त मी’ वर ठेवा. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे आकडा आला की तो पट बघायचं थांबवतो.

मर्यादा ६४ प्रकरणांची आहे. एका स्टडीत त्याहून जास्त मावत नाहीत. गाप्रिंदाश्विलींच्या बाबतीत ही मर्यादा त्रासदायक कमी आणि उपयोगी जास्त ठरते, कारण निवड करावीच लागते. हिशोब असा धरावा. बिकोवांविरुद्धचा सामना पूर्ण घ्यायचा, ११ डाव. लोन पाइन १९७७ ही स्पर्धा पूर्ण, ९ फेऱ्या. चिबुर्दानिद्झेविरुद्धचा सामना पूर्ण, १५ डाव. दुबईचं १९८६ चं ऑलिंपियाड, जिथे त्या खेळलेले दहाच्या दहा डाव जिंकल्या, ते १०. झाले ४५. उरलेल्या १९ जागांत कुश्निरविरुद्धचे तीन सामने, अलेक्झांड्रियाविरुद्धचा एक, हेस्टिंग्ज, डॉर्टमुंड आणि ज्येष्ठांच्या स्पर्धा यांतले वेचक डाव बसवायचे.

कुश्निरच्या वाट्याला किमान सात-आठ जागा द्याव्यात असं आमचं ठाम मत आहे. तीन वेळा आव्हान दिलेली ही खेळाडू जगज्जेतेपदाच्या इतिहासात फार कमी बोलली जाते, आणि १९७२ चा सामना गाप्रिंदाश्विली जेमतेम एका गुणानं जिंकल्या होत्या, ८.५–७.५. जगज्जेतीला कुठे घाम फुटत होता हे त्या सामन्यात जितकं दिसतं तितकं १९६२ च्या एकतर्फी विजयात दिसत नाही. फक्त विजयांची माळ लावून कारकीर्द कळत नसते.

डाव आणायचे कुठून? इथे लिचेसची दुबळी बाजू उघडी पडते. ओपनिंग एक्सप्लोररमध्ये ‘मास्टर्स’ नावाचा संग्रह आहे, पटावर खेळल्या गेलेल्या लाखो डावांचा. पण त्यात खेळाडूच्या नावानं शोधता येत नाही. पटावर जी स्थिती आहे, ती ज्या डावांत आली त्यांची आकडेवारी आणि वरच्या मानांकनाचे मोजके डाव तेवढे दिसतात. शिवाय संग्रह १९५२ पासूनचा आणि २२०० च्या वर मानांकन असलेल्या खेळाडूंचा, असं तिथे लिहिलेलं असतं. फिडेची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची, मानांकनं १९७० च्या सुमारास सुरू झाली. त्यामुळे साठच्या दशकातल्या डावांसाठी, त्यातही महिलांच्या स्पर्धांसाठी, या खिडकीवर विसंबू नये.

चेसबेससारख्या विकतच्या प्रणालीत हेच काम नाव टाकून मिनिटभरात होतं. शोधाच्या बाबतीत लिचेस तिच्या जवळपासही येत नाही. पैसे खर्च करायचे नसतील तर ऑलिंपियाडसाठी ऑलिंपबेस हे संकेतस्थळ सगळ्यात भरवशाचं. कुठल्या वर्षी, कुठल्या पटावर, किती गुण, सगळं तिथे जुळवून बघता येतं. १२ ऑलिंपियाड त्या खेळल्या, ११ सोव्हिएत संघाकडून आणि १९९२ चं मनिलाचं स्वतंत्र जॉर्जियाकडून. त्या वर्षी जॉर्जियाच्या महिलांनी सुवर्ण जिंकलं. ‘द वीक इन चेस’ दर आठवड्याला डावांची फाइल मोफत देतं, पण ते सुरूच झालं १९९४ साली. म्हणजे ज्येष्ठांच्या स्पर्धा शोधायला कामाचं, ऐन बहरातल्या वर्षांसाठी नाही.

डाव उतरवून घेताना नावांचा घोळ सांभाळा. गाप्रिंदाश्विली आडनावाचे दुसरेही जॉर्जियन खेळाडू नोंदींत आहेत आणि काही फाइलींत पहिल्या नावाचं नुसतं आद्याक्षर असतं. ‘नाना’ तर तीन आहेत: अलेक्झांड्रिया, इओसेलियानी आणि अलीकडची द्झाग्निद्झे. त्यात नोनाची भर. चिबुर्दानिद्झे हे नाव जर्मन फाइलींत इतक्या निराळ्या स्पेलिंगनं येतं की शोधात सापडतच नाही. सोव्हिएत काळातल्या नोंदींत सगळ्यांच्याच नावापुढे सोव्हिएत संघ असतो, त्यामुळे देशावरून गाळणी लावूनही उपयोग नसतो. वर्ष, गाव आणि फेरी या तीन गोष्टी जुळल्या तरच डाव आत घ्यावा.

छापील पुस्तकातून डाव भरणाऱ्यांसाठी आणखी एक खड्डा आहे, आणि तो खोल आहे. साठच्या-सत्तरच्या दशकातली या सामन्यांवरची चांगली टिपणं रशियन भाषेत सापडतात. रशियन नोंदपद्धतीत राजाला ‘क्र’, वजिराला ‘फ’, हत्तीला ‘ल’, उंटाला ‘स’ आणि घोड्याला ‘क’ ही अक्षरं वापरतात. घोड्याचं हे रशियन अक्षर दिसायला हुबेहूब इंग्रजी नोंदीतल्या राजाच्या अक्षरासारखं असतं. पुस्तकाच्या स्कॅनमधून मजकूर उचलून पेस्ट केला, की घोड्याच्या पहिल्याच चालीला आयात थांबते आणि पुढचा डाव गायब होतो. डोक्यावर मोठी लाल पाटी वगैरे काही लागत नाही. प्रकरण तयार होतं, त्यात दोन-तीन चाली असतात, एवढंच. म्हणून आयात झाल्यावर प्रत्येक प्रकरणाच्या शेवटच्या चालीवर जाऊन चालींचा आकडा पुस्तकाशी ताडून बघणं सक्तीचं समजा.

त्या काळातल्या इंग्रजी पुस्तकांत वेगळी अडचण. तिथे घरांची मोजणी प्रत्येक खेळाडू आपल्या बाजूनं करतो, त्यामुळे दोघांनीही राजाचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं तर दोन्ही चाली सारख्याच छापलेल्या असतात. आजच्या नोंदीत एक ई४ होते, दुसरी ई५. असे डाव पेस्ट करायच्या फंदात पडू नका. पट समोर घेऊन माउसनं एकेक चाल खेळत जा. चाळीस चालींच्या डावाला दहा मिनिटं पुरतात आणि त्या दहा मिनिटांत डाव हातात बसतो.

‘नवीन प्रकरण’ या खिडकीत पीजीएनचा, म्हणजे डाव मजकुरात साठवण्याच्या ठरलेल्या साच्याचा, कप्पा आहे. तिथे एकामागून एक अनेक डाव असलेला मजकूर टाकला की प्रत्येक डावाचं वेगळं प्रकरण आपोआप होतं. पण नावं मात्र फाइलीतल्या नोंदीवरून पडतात आणि यादी वाचवत नाही. लगेच बदलून घ्या: आधी वर्ष, मग फेरी, मग प्रतिस्पर्धी. ‘१९६२-०४ बिकोवा’, ‘१९७७-०७ लोन पाइन’ असं. प्रकरणं माउसनं वरखाली ओढता येतात, पण साठाच्या यादीत ते काम कंटाळवाणं होतं, म्हणून क्रमानंच भरलेलं बरं. देवनागरीत नाव आणि टिपा लिहायला काहीही अडचण येत नाही, निर्यात केलेल्या फाइलीतही अक्षरं शाबूत राहतात. संकेतस्थळाची भाषाही मराठी करता येते. स्वयंसेवकांनी केलेलं भाषांतर आहे आणि मेहनतीनं केलंय. काही ठिकाणी बटणांची नावं इंग्रजीच राहतात, इतकंच.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते पटाखालच्या एका छोट्या बटणामुळे, ‘रेक’. ‘रेक’ चालू असेल तर पटावर केलेली प्रत्येक चाल स्टडीत कायमची जमा होते. बंद असेल तर काहीच जमा होत नाही. दोन्हीकडून फटका बसतो. रेक बंद ठेवून तासभर विश्लेषण केलं तर पान बंद करताच ते गेलं. रेक चालू ठेवून ‘इथे उंट टाकला असता तर’ म्हणून सहज दहा चाली खेळल्या, तर त्या सगळ्या उपशाखा होऊन मूळ डावाच्या अंगावर वाढतात. महिन्याभरानं कुठली चाल प्रत्यक्ष खेळली गेली आणि कुठली आपण चाचपली हेच कळत नाही. डाव भरताना रेक चालू, चाचपणी करताना बंद, आणि ठरलेली शाखा तेवढी पुन्हा चालू करून भरायची, ही शिस्त लागली की अर्धं काम सोपं होतं. चुकून वाढलेली फांदी त्या चालीवर उजवं क्लिक करून तिथून पुढे छाटता येते. उपशाखा मुख्य झाली असेल तर तिथूनच पूर्ववत करता येते.

आता एका डावात शिरू. डॉर्टमुंड १९७४, गाप्रिंदाश्विली पांढऱ्या मोहऱ्यांनी, समोर रुडॉल्फ सर्व्हाटी. ओपनिंग अ‍ॅक्सिलरेटेड ड्रॅगन, त्यात पांढऱ्यानं सी४ आणि ई४ अशी प्यादी रोवून डी५ घर आवळून धरलेलं, म्हणजे मारोत्सी बांधणी. सातव्या चालीला काळा घोडा जी४ वर उडी घेतो. पांढरा वजीर त्याला मारतो आणि बदल्यात काळ्यानं डी४ वरचा घोडा मारायचा असतो. कशानं मारायचा? घोड्यानं मारणं हा रुळलेला रस्ता. त्यात जी७ चा उंट लांब कर्णावर जिवंत राहतो आणि पांढऱ्या वजिराला परत डी१ वर जावं लागतं. सर्व्हाटीनं उंटानं मारलं. ई३ च्या उंटानं तो उंट मारला, काळ्या घोड्यानं परत डी४ वर बसून हिशोब चुकता केला आणि दहाव्या चालीला पांढऱ्यानं वजिराच्या बाजूला कॅसलिंग केलं.

ही स्थिती पटावर ठेवा आणि एक्सप्लोरर उघडण्याआधी नुसती मोजदाद करा. काळ्याचं एकच मोहरं बाहेर आहे, डी४ चा घोडा. बाकी सगळं घरात. पांढऱ्याचा राजा सुरक्षित, वजीर बाहेर, हत्ती डी पट्टीवर थेट त्या घोड्यावर रोखलेला. घोडा राखायला ई५ हवंच. ते झालं की डी प्यादं सरकताच सी८ चा उंट जी४ च्या वजिरावर उघडणार, म्हणून वजीर आधीच जी३ वर जातो. काळ्यानं डी६ केलं की लगेच एफ४. घोड्याला आधार ई५ च्या प्याद्याचा, आणि हल्ला त्या आधारावर. काळा राजा अजून मधोमध. हा डाव वीस चालींच्या आत आटोपला.

टीप लिहायची ती इथे, एफ४ वर. आधीच्या चालींवर नको. ‘काळ्याचा घोडा दिसायला देखणा आहे, पण त्याला उभं ठेवायला सगळी प्यादी खर्ची पडतायत आणि विकास थांबलाय’ एवढं वाक्य आणि दोन बाण पुरे. बाण उजवं क्लिक दाबून ओढले की हिरवे येतात, शिफ्ट धरलं की लाल, ऑल्ट धरलं की निळे. आपली एक रीत ठरवून घ्यावी. उदाहरणार्थ, लाल म्हणजे हल्ला, निळा म्हणजे मोहऱ्याची पुढची वाट. चौसष्ट प्रकरणांत ती बदलू नये. फोनच्या ब्राउझरवर उजवं क्लिक नसल्यानं हे बाण काढणं अवघडच जातं. स्टडी वाचायला फोन चालतो, बांधायला संगणकच हवा.

एवढं झाल्यावर मग एक्सप्लोरर उघडा, मास्टर्समध्ये जाऊन आठव्या चालीवर या. घोड्यानं मारणाऱ्यांचा ढीग आणि उंटानं मारणाऱ्यांची तुरळक संख्या दिसेल. या खिडकीच्या सेटिंगमध्ये ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ अशी वर्षं टाकता येतात. ‘पर्यंत’ मध्ये १९७४ घाला. आज ज्याला आपण पाठ केलेली चाल म्हणतो, ती त्या वेळी किती जणांनी खेळली होती हे समोर येतं. जुन्या खेळाडूचे डाव आजच्या ज्ञानानं तोलण्याची खोड मोडायला याहून चांगला उपाय नाही, आणि लिचेसमधली ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे. स्टडीत असताना या यादीतल्या डावावर क्लिक केलं की तो डाव शाखा म्हणून घालायचा की नुसता उल्लेख म्हणून टिपेत नोंदवायचा, असे पर्याय येतात. उल्लेखच निवडा. आख्खा डाव घातला तर प्रकरण फुगतं.

इंजिनबद्दल, म्हणजे चाली मोजणाऱ्या प्रोग्रामबद्दल, आमचं मत कडक आहे. लिचेसवरचं इंजिन स्टॉकफिश ब्राउझरमध्येच चालतं, एकदम पाच ओळींपर्यंत दाखवतं आणि कीबोर्डवर ‘एल’ दाबलं की चालू-बंद होतं. त्याचं मोठं न्यूरल जाळं वापरायचं तर पहिल्यांदा मोठी फाइल उतरवून घ्यावी लागते, मोबाइल डेटावर असाल तर हे ध्यानात ठेवा. शक्तीबद्दल शंका नाही. शंका आहे ती वापराच्या क्रमाबद्दल. आधी आपल्या टिपा, मग इंजिन. उलटं केलं की टिपांच्या जागी इंजिनचे आकडे येतात आणि खेळाडू नाहीशी होते.

सर्व्हरकडून पूर्ण डावाचं विश्लेषण मागवता येतं. त्यात आलेख, चुकांची वर्गवारी आणि अचूकतेची टक्केवारी मिळते. ही टक्केवारी जुन्या डावांखाली चिकटवून खेळाडूंची तुलना करणारे लेख हल्ली बरेच दिसतात. ते करू नये. वीस चालींत मोहरी बदलून केलेल्या बरोबरीत दोघांची अचूकता आभाळाला भिडते. गाप्रिंदाश्विलींचा खेळ आक्रमक, गुंतागुंत ओढवून घेणारा. अशा डावात जिंकणाराही दोन-चारदा इंजिनच्या पहिल्या पसंतीपासून दूर जातो आणि टक्केवारी घसरते. त्या आकड्यातून धाडस मोजलं जात नाही, आणि समोरच्याला घड्याळावर किती विचार करावा लागला हेही नाही. इंजिनचा खरा उपयोग दोनच ठिकाणी: जुन्या छापील टिपेत ‘इथे विजय निश्चित’ असं लिहिलंय ते खरं का, हे तपासायला, आणि एंडगेममध्ये. पटावर सात किंवा कमी मोहरी उरली की एक्सप्लोररच्याच जागी टेबलबेस, म्हणजे अशा स्थितींच्या आधीच काढून ठेवलेल्या उत्तरांचा संग्रह, येतो आणि निकाल शंकेपलीकडे सांगतो.

लोन पाइन १९७७ चं प्रकरण मांडताना स्टडीची ताकद पूर्ण दिसते. कॅलिफोर्नियातली खुली स्पर्धा, नऊ फेऱ्या, गाप्रिंदाश्विलींचे ६.५ गुण आणि पहिल्या क्रमांकाची वाटणी ऑस्कर पान्नो, युरी बालाशोव आणि द्रागुतिन शाहोविच यांच्याबरोबर. पुढच्या वर्षी मिळालेल्या ग्रँडमास्टर किताबाचा पाया हाच. नऊ डाव वेगवेगळे बघण्यापेक्षा त्यांच्या आधी एक मोकळं प्रकरण ठेवा, रिकाम्या पटाचं, आणि टिपेत फेरीवार गुण लिहा. मग प्रत्येक डावाच्या पहिल्या चालीवर एकच प्रश्न: या फेरीला बसताना गुण किती होते? खुल्या स्पर्धेत शेवटच्या दोन फेऱ्यांत बरोबरी घ्यायची की झुंजायचं, हा निर्णय गुणतक्ता जवळ असल्याशिवाय कळत नाही. ही सोय लिचेस स्वतःहून देत नाही, आपणच करावी लागते. एक जागा खर्ची पडते, पण पडू द्यावी. सामन्यांसाठीही असंच एकेक प्रकरण राखलं तर १९ मधल्या तीन-चार जागा जातात. त्या हिशोबात आधीच धरून चाला.

शिकवणाऱ्यांसाठी प्रकरणाचे दोन प्रकार विशेष कामाचे. ‘पुढच्या चाली लपवा’ हा साधा: विद्यार्थी चाल ओळखतो, मग पुढे सरकतो. ‘इंटरॅक्टिव्ह लेसन’ जास्त मेहनतीचा. त्यात प्रत्येक चालीला मागितल्यावर दिसणारा इशारा लिहिता येतो आणि चुकीच्या चालीवर उत्तरही. पट ज्या बाजूनं ठेवलाय त्या बाजूच्या चाली विद्यार्थ्यानं शोधायच्या असतात. इथेच लोक चुकतात: गाप्रिंदाश्विली काळ्यानं खेळतायत आणि पट पांढऱ्या बाजूनं ठेवलाय, मग विद्यार्थी तासभर हरणाऱ्याच्या चाली शोधत बसतो. दुसरी चूक म्हणजे सुरुवातीपासून धडा चालू करणं. ओपनिंगच्या दहा चाली ‘ओळखा’ म्हणण्यात काही अर्थ नाही, ते पाठांतर आहे. खऱ्या निर्णयाच्या स्थितीपासून प्रकरण सुरू करा, म्हणजे सर्व्हाटीच्या डावात थेट अकराव्या चालीपासून. आणि चुकीच्या चालीचं उत्तर नुसतं ‘चूक’ असं ठेवू नका. सर्वांत मोहक चुकीची चाल कुठली ते आधी ठरवा आणि ती का फसते हे एका वाक्यात लिहा. एका धड्याला असं करायला दीड-दोन तास सहज जातात, म्हणून ६४ पैकी सहा-सात डावच या साच्यात घालावेत.

नागपूर-नाशिककडच्या क्लबांत हा अभ्यास उपरा वाटायचं कारण नाही. ऑलिंपियाडमध्ये खुल्या आणि महिला, दोन्ही गटांतली कामगिरी मिळून सर्वोत्तम ठरणाऱ्या देशाला जी ट्रॉफी मिळते, ती नोना गाप्रिंदाश्विलींच्याच नावाची. भारतानं ती २०२२ ला चेन्नईत आणि २०२४ ला बुडापेस्टमध्ये घेतली. बुडापेस्टच्या सुवर्णविजेत्या संघांत नाशिकचा विदित गुजराथी होता आणि नागपूरची दिव्या देशमुखही. दिव्यानं जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर किताब मिळवला तो जॉर्जियातल्या बाटुमी शहरात, अंतिम फेरीत कोनेरू हंपीला जलद डावांच्या टायब्रेकमध्ये हरवून. तिथल्या मातीत बुद्धिबळ किती खोल रुजलंय हे समजायला तिबिलिसीच्या वेरा बागेतला, १९७३ मध्ये बांधलेला चेस पॅलेस पुरेसा आहे. त्यालाही गाप्रिंदाश्विलींचंच नाव आहे.

सुरक्षिततेचं राहिलं. ‘शेअर अँड एक्स्पोर्ट’ मध्ये एका प्रकरणाची किंवा पूर्ण स्टडीची पीजीएन फाइल उतरवता येते. बाण, टिपा, शाखा सगळं त्यात येतं. दहा प्रकरणं झाली की एक फाइल, ही सवय लावा, कारण खोडलेलं प्रकरण परत आणायची सोय नाही. ‘खोडा’ आणि ‘टिपा पुसा’ ही बटणं प्रकरणाच्या एकाच सेटिंग खिडकीत असतात, तिथे घाई नको. दोघा-तिघांनी मिळून काम करायचं असेल तर सदस्याला ‘काँट्रिब्युटर’ करावं लागतं, पण ते अधिकार मिळाले की तो प्रकरणं खोडूही शकतो. ज्यांना नुसतं वाचायचंय त्यांना प्रेक्षकच राहू द्या.

चौसष्ट भरली की दुसरी स्टडी माया चिबुर्दानिद्झेची सुरू करावी. कुताइसीची ही मुलगी १९७८ ते १९९१ जगज्जेती होती आणि १९८४ मध्ये ग्रँडमास्टर किताब मिळवणारी दुसरी स्त्री ठरली. पित्सुंदाचे पंधरा डाव पहिल्या स्टडीतून प्रकरणवार उतरवून घ्या, टिपा पुसून टाका आणि पट फिरवून दुसऱ्या बाजूनं ठेवा. टिपा नव्यानं लिहायच्या, या वेळी आव्हानवीराच्या खुर्चीतून.